नळाचा वास आणि तुळशीचं पान

मंगळवार, १२ मे ९८

तीन दिस झालं, नळाच्या पाण्याला नासक्या अंड्यागत वास मारतोय आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघतीया. मान्य हाय की, मागं शेजारच्या अण्णांच्या माठात मीच हिंग टाकलावता. पण हे माझं काम न्हाय. आईशप्पत न्हाय.

सकाळी अण्णा दारातनंच वरडलं, "काय रं, ह्या टायमाला उंदीर टाकलास व्हय?"

"अण्णा, पायपात शिरायला मी काय बेडूक हाय?"

सगळी हसली. पटलं कुणालाच न्हाय.

दुपारी पाणी तपासणारा पावणा बाटली देऊन गेला. नळाचंच भरा, उद्या नेतो म्हणला. नळ जायच्या आत मी भरून भिंतीतल्या देवळीत ठेवली. म्हणलं, आता सुटलो.

सांजच्याला बूच काढून हुंगली, तर वासच न्हाय! परत हुंगली. आत तुळशीचं पान तरंगत हुतं.

"आई, बाटलीतलं पाणी कुणी बदललं?"

"मी. उकळून, गाळून भरलंय."

"अगं पण का?"

तिनं भाकरी थापता थापताच सांगितलं, "तपासणीत तुझं काय घावलं तर? माझंच पोरगं हायस न्हवं."

म्हणजे आईला पण वाटतंय, मीच. तरी वाचवाय बघतीया. हिच्यावर चिडू का काय करू?

बाटली ओतली. सकाळी नळ आला की परत भरणार. तुळशीचं पान तेवढं ह्या वहीत ठेवलंय. पण मगाधरनं एकच डोक्यात फिरतंय, खरंच मी काय टाकलं न्हाय न्हवं?