आईच्या जागेवरचं पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. लांबूनच करतोय, कारण नीट वाकता येईल एवढी मोकळी जमीन आमच्या घरात सध्या नाही. तुझे गुडघे कसे आहेत? (जास्त दुखतो तो डावा की उजवा, हे तू मागे फोनवर सांगितलं होतंस, पण नेमका त्याच वेळी माझ्या पायावर एक कॅन पडला आणि ते ऐकायचं राहून गेलं.) भावोजींचा खोकला थांबला का? त्यांनी सिगारेट सोडली असं आई सांगत होती, आणि सोडल्यापासून ते पंख्यावरसुद्धा खेकसतात, असंही म्हणाली. त्यांना माझा नमस्कार सांग, पण त्यांची वेळ बघून सांग. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे आजारी नाही आहोत. फोन उचलून दोन मिनिटांत बोलता आलं असतं, तरी मी पत्र लिहायला बसलोय. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो.

तू विचारलंस, आईला कधी नेतोस. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की तुला काही महिने स्वतःचीच उठबस जमणार नाही, तिची कुठून करणार? प्रश्न अगदी साधा आहे आणि वाजवी आहे. एखाद्या सरळ माणसाने त्याला एका ओळीत उत्तर दिलं असतं. मला मात्र जरा मागून सुरुवात करावी लागेल, कारण आईच्या पलंगाच्या जागेवर, खिडकीखाली, आता पाणी आहे. (सांडलेलं नव्हे. भरलेलं.)

मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे होती, तेव्हा रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली आणि दोन दिवस नळ कोरडे पडले, ते तुला ठाऊक आहेच. घरात दोन तांबे आणि एक बाटली एवढंच पिण्याचं पाणी होतं. आईने ते बघितलं आणि त्या क्षणापासून तिची तहानच बंद झाली. पेला पुढे केला की म्हणायची, आत्ताच प्यायले. कधी प्यायलीस विचारलं की म्हणायची, तू आंघोळीला गेला होतास तेव्हा. (आंघोळ! नळाला पाणी नव्हतं ताई, मी कुठली आंघोळ करतोय? पण आई इतकी ठामपणे खोटं बोलते की समोरच्याला आपणच आंघोळ विसरलो असं वाटतं.) दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून हळूहळू खाली बसली आणि मग बसल्याजागी आडवी झाली. दवाखान्यात सलाइन लावलं. ती डॉक्टरीण माझ्याहून वयाने लहान, पण तिने मला सगळ्या वॉर्डासमोर असं काही झापलं की बाजूच्या पेशंटनेसुद्धा घाबरून आपला पेला रिकामा केला. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या घरात पुन्हा पाण्यासाठी कोणी तहान गिळायची नाही.

यात चूक काय होती, तूच सांग. सुरुवात तर चांगलीच झाली. आधी बाटल्या आणल्या, त्या सोफ्यामागे बसल्या. मग पाच लिटरचे कॅन आले, ते चपलांच्या कपाटात गेले आणि चपला दाराबाहेर गेल्या. मग वीस लिटरचे आले. आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एका माणसाने आडवं उभं राहावं एवढी गॅलरी, हे तू पाहिलंयस. गॅलरी भरली. कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा भरला. थर्मास भरला, शेकायची रबरी पिशवी भरली, प्रेशर कुकरसुद्धा भरला, पण तो हिने ओतून टाकला. शेवटी खिडकीखालची आईची जागा रिकामी होती (पलंग घडीचा असल्यामुळे तो भिंतीला लावलेला असतो) आणि मी म्हटलं, आई येईपर्यंत ठेवू. आता तिथे छातीएवढी भिंत उभी आहे. ही बस चालवते. भर बाजारात बारा मीटरची गाडी एका हाताने वळवणारी बाई, पण न्हाणीघरातून बाहेर पडताना तिला मागच्या मागे यावं लागतं. घरी आली की म्हणते, डेपोत जास्त मोकळं वाटतं.

जागेचं एक वेळ निभावलं असतं. घात केला माझ्या नोकरीने. औषधांच्या गोदामात इतकी वर्षं काढलेला माणूस मी. आमचा एकच धर्म: आधी आलेला माल आधी बाहेर. नवा माल मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा, प्रत्येक खोक्यावर तारखेची पट्टी. पाणी साठवून ठेवलं की शिळं होतं, म्हणून घरीही मी तोच नियम लावला. प्रत्येक कॅनवर तारीख चिकटवली. रोज नळाचं ताजं पाणी भरून मागे लावायचं आणि पुढचा, सगळ्यात जुना कॅन प्यायला काढायचा. नियमात खोट नाही. आमचे साहेब आले असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. फक्त त्याचा परिणाम असा झाला की नळाला धो धो पाणी असताना आम्ही नवरा-बायको गेले कित्येक महिने फक्त शिळं पाणी पितोय. त्याला प्लास्टिकच्या बादलीचा वास येतो. ताजं पाणी आमच्या डोळ्यांदेखत घरात येतं आणि शिळं होण्यासाठी रांगेत मागे जाऊन उभं राहतं. हिने एकदा विचारलं की हे ताजं आपण कधी पिणार? मी म्हटलं, त्याची पाळी आली की. यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते बस मध्येच थांबवून विनातिकीट प्रवाशाकडे वळून बघतानाचं बघणं होतं. तेव्हापासून ती बाहेरूनच पिऊन येते.

आमच्या खाली, तळमजल्यावर, एक दंतवैद्य राहतात. अतिशय सज्जन, हळू बोलणारे. दुखेल हं थोडं, असं सांगण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल. ते एकदा वर आले आणि आमच्याकडे पियानो आणलाय का असं त्यांनी विचारलं. त्यांच्या छताला भेग गेली होती. मी म्हटलं, पियानो नाही, पाणी आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दात काढल्यावर सांगतात तसं, आता तिथे फार हात लावू नका, असं सांगून ते गेले. त्यानंतर एका कॅनला खालून चीर गेली आणि तो रात्रभरात त्यांच्या गादीवर रिकामा झाला. सकाळी ते बादली घेऊन दारात उभे राहिले. बिचाऱ्यांनी गळणाऱ्या धारेखाली ती धरली होती आणि पुरावा म्हणून वर आणली होती. मी माफी मागितली, मनापासून मागितली. पण ताई, माझी नजर बादलीवर होती, आणि तोंडातून निघून गेलं की बादली स्वच्छ असेल तर एवढं पाणी ठेवून जाता का? तेव्हापासून जिन्यात ते मला ओळख दाखवत नाहीत. (दाखवायला हवी असंही माझं म्हणणं नाही.)

आणि मग ती वेळ खरंच आली. मागच्या आठवड्यात इमारतीचा पंप जळाला. सकाळपासून सगळ्यांचे नळ कोरडे, जिन्यात आरडाओरडा, आणि मी आपल्या कॅनच्या भिंतीसमोर उभा. याच दिवसासाठी मी इतके महिने बोलणी खाल्ली होती. ही दुपारी डेपोतून घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, काढ तुझा खजिना. मी हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. आमच्या गोदामात वरच्या फळीवर राखीव साठा असतो, त्याला तांबडी फीत बांधलेली असते आणि साहेबांच्या सहीशिवाय त्याला कोणी शिवत नाही. मला वाटलं, पंपवाला तर म्हणालाय संध्याकाळपर्यंत करतो; मग ही खरी अडचण कशी? हे आज संपवलं आणि उद्या पाइपलाइन फुटली तर? मी तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळ काढू, मला तर तहानही नाही.

ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच म्हटलं, ‘‘तू अगदी आईंवर गेलायस.’’ आणि ती जिना उतरून दंतवैद्यांकडे पाणी प्यायला गेली. त्यांनी तिला दोन पेले दिले आणि माझ्यासाठी एक तांब्या वर पाठवला. ज्यांच्या गादीवर मी पाणी ओतलं त्यांनी मला पाणी पाजलं, ताई! इतक्या कॅनच्या मधोमध बसून मी शेजाऱ्याचं पाणी प्यायलो, आणि लाजेने मान खाली गेली तरी खोटं सांगत नाही, ते फार गोड लागलं. इतक्या महिन्यांत मी विसरूनच गेलो होतो की पाण्याला वास नसतो.

पंप त्याच संध्याकाळी सुरू झाला. माझा साठा जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या दिवशी उठलो तर माझ्या उशीला तारखेची एक पट्टी चिकटवलेली होती. तारीख आमच्या लग्नाची, आणि खाली हिच्या अक्षरात लिहिलेलं: आधी बाहेर. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे, आणि कामही फारसं निघत नाही.

तर आता तुझा प्रश्न. काल मी खिडकीखाली उभा राहून खूप विचार केला. भिंत हलवावी तर न्हाणीघराचं दार उघडणार नाही. पाणी ओतून द्यावं म्हणून एक कॅन मोरीपर्यंत नेला, झाकण उघडलं, आणि आई त्या दारात भिंतीला धरून खाली बसताना दिसली. झाकण लावून परत जागेवर ठेवला. मला फार वाईट वाटतं ताई. जिच्या घशाला कोरड पडली म्हणून हे भरलं, तिलाच आता या पाण्यामुळे टेकायला जागा नाही. मी काही वाईट मुलगा नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला तसाच दिसत असणार. ऑपरेशन एका वेळी एकाच गुडघ्याचं करून भागेल का, असं तुला विचारायचं मनात आलं होतं. त्याची मलाच लाज वाटली, म्हणून विचारत नाही. (पण डॉक्टर आपणहून तसं म्हणाले तर अडवू नकोस.) एकूण काय, सध्या तरी आईला आणणं मला दिसत नाही. तू रागावशील, आणि रागव. मोठी आहेस, तुझा हक्क आहे.

सर्वांना नमस्कार, आईला माझा नमस्कार सांगू नकोस, मला तिच्याशी बोलायचं तोंड नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. – वरचं सगळं रद्द समज. पाकीट आणायला पोस्टात गेलो होतो, रांगेत दोन तास गेले, तेवढ्यात हिने पत्र वाचलं. (टेबल उरलेलं नसल्यामुळे ते कॅनवरच पडलं होतं.) मी परत आलो तर भिंत नाही! वीस लिटरचे कॅन तिने खिडकीखाली ओळीने आडवे निजवले होते, त्यांवर गॅलरीतली जुनी फळी आणि फळीवर आईची गादी. पलंग तयार. चढायला जरा उंच होतो, म्हणून पायाशी एक छोटा कॅन पायरीसारखा. उरलेले दंतवैद्यांकडे ठेवायला गेले. ते हो म्हणाले. तळमजल्यावर ठेवलेलं पाणी छतातून पडत नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं. नंतर ही त्या गादीवर पाच मिनिटं आडवी होऊन बघते म्हणाली आणि अजून झोपलेली आहे. आता आमच्या घरात एक माणूस सरळ चालत जाऊ शकतो. तेव्हा येत्या रविवारी आईला घ्यायला मी येतो. तू दोन्ही गुडघ्यांचं एकदम करून घे.

आणखी ता. क. – फोन का केला नाही, ते सांगायचं राहिलं. तू फोनवर बोलतेस तेव्हा आई शेजारीच बसलेली असते, आणि तिला ऐकू येत नाही हे ती फक्त सोयीने सांगते. मला तुला एक विचारायचं आहे आणि ते तिला कळता कामा नये. ती इथे येईल, एवढ्या पाण्यावर झोपेल, आणि खाली अडीअडचणीचं पाणी भरलंय हे कळलं की उठून म्हणेल, मला तहान नाही. मी तिला ओळखतो. तुझ्याकडे मात्र इतकी वर्षं ती एकदाही पडलेली नाही. तू तिला पाणी कसं पाजतेस? पेला किती भरतेस, समोर ठेवून निघून जातेस की उभी राहतेस, काय बोलतेस, सगळं लिही. जेवढं आठवेल तेवढं लिही, आणि रविवारच्या आत पाठव.