सूनबाई एकदाच विचारते

ती. अट्रॅक्टाताईस,

मॅलकीचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघे वाकत नाहीत. कारण खाली येईलच.) तुझी कंबर कशी आहे? तुझ्या स्लायगोत पाऊस असणारच, तेव्हा ते विचारत नाही.

शनिवारी सूनबाईने मला आपल्या जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलीने नेलं. रूळ उखडून तिथे आता गुळगुळीत वाट केली आहे, आणि बार्नाच्या ज्या चढावर इंजिनालाही धाप लागायची, तिथे लोक हौसेने, वर भाड्याच्या सायकली घेऊन जातात. फिंटनने हॉलंडची बायको केली तेव्हाच मी सायकलीला घाबरायला हवं होतं. मरायके पोरगी लाखात एक आहे गं, पण तिच्या मुलखात आग्रह नावाची गोष्टच नाही. सायकलीच्या दुकानात तिने विचारलं, "बॅटरीवाली घेऊ तुमच्यासाठी?" मी रीतीप्रमाणे म्हणालो, "छे छे, कशाला उगाच?" आता आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा पुन्हा विचारतं. ही "बरं" म्हणाली आणि बॅटरीवाली स्वतः घेतली.

चढावर माझा जीव मेटाकुटीला आला. समोरून येणारा प्रत्येकजण मान हलवून "काय छान दिवस आहे!" म्हणत होता आणि मलाही दात काढून "हो ना!" म्हणावं लागत होतं. (पाऊस पडत होता.) बोगद्यापाशी तिने हॅमचं सँडविच पुढे केलं. मी म्हणालो, "नको गं, पोट भरलंय." तिने ते परत गुंडाळून ठेवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, ताई! पुढे जुन्या स्टेशनात आता चहाचं दुकान आहे; तिथे चहालाही मी नको म्हणालो. जिभेला सत्तर वर्षांची खोड, मी तरी काय करू? तिने चहाबरोबर केक खाल्ला आणि मी खिडकीतून रिकामा फलाट बघत बसलो.

तिथेच ती म्हणाली, "नव्या घरात खालच्या मजल्यावर एक खोली आहे. तुम्ही आमच्याकडे राहायला या." ताई, माझी नोरा गेल्यापासून घर खायला उठतं. हे ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि तोंडातून काय निघालं? "नको गं बाई, तुमच्या संसारात माझी अडचण कशाला!" तिने माझा हात दाबला. म्हणाली, "आपल्याला काय हवं ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. मला हे फार आवडतं." पुढची वाट मी कशी काटली, ते माझं मला माहीत.

बाकी सर्व ठीक. जिना चढताना जपून.

तुझा धाकटा भाऊ,
मॅलकी

ता. क. गुडघ्यांसाठी तुझं ते मलम पाठवलंस तर बरं. नाही पाठवलंस तरी चालेल. (म्हणजे पाठव.)

आणखी ता. क. त्या खोलीत आता सायकली ठेवणार आहेत म्हणे. फिंटनला सांगायची सोय नाही. तोही हल्ली एकदाच विचारतो. तूच मरायकेला फोन कर. आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं असतं, एवढं तिला समजाव. मी सांगितलं म्हणू नकोस.

अगदी शेवटचं. तीन-तीनदा विचारायची गरज नाही म्हणावं. तिने आणखी एकदाच विचारावं. या वेळी तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणेन.