गाडीवर बसलेली गाडी

२ ऑगस्ट १९८४
वही, काल सांगितलेलं विसरलीस ना? विसरणारच. लिडियाने लिहिलंच नव्हतं. माझी नात शिकलेली आहे, मी सांगते ते ती लिहिते; पण तिला झोप आधी.

तर पुन्हा ऐक. माझी बहीण असुंता तळ्यापलीकडे अंथरुणाला खिळलीय. जेवण टाकलंय. निरोप पाठवला — "तुमची लाकडी गाडी घेऊन ये, मग उठते." आमच्या ह्यांची जुनी मोटार, बाहेरून लाकडी फळ्या लावलेली. आता माझ्या मुलाची, रेन्झोची.

तो म्हणतो, "आई, रस्ता खडीचा आहे. माझ्या दुसऱ्या गाडीतून सोडतो की."
दुसरी गाडी! तिच्यात बसून माणूस दात काढायला जातो.

५ ऑगस्ट
रेन्झो दातकोरणीने दारांच्या फटी साफ करत होता. लहानपणी स्वतःचे कान धुवत नव्हता. ह्याच गाडीतून मेपलचे ओंडके गेलेत, डुकराची पिल्लं गेलीत, हाही गेलाय — ओकत. आता म्हणे आत बसायचं तर बूट काढा.

६ ऑगस्ट
ढग आले. गाडीला पांघरूण घातलं. मला कोणी विचारलं नाही.

९ ऑगस्ट
रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन.
"आई, तू तो ठिपक्यांचा फ्रॉक घालून शेजारी बस. परीक्षकांना असलं आवडतं."
"आणि मग असुंताकडे?"
"नेतो गं. शप्पथ."

१२ ऑगस्ट
चालवत नेली नाही. ट्रेलरवर चढवून नेली. गाडीला गाडीवर बसवतात ही माणसं! मागे सहलीची टोपली मांडली — मेणाची सफरचंदं, प्लास्टरची कोंबडी. शेजारी मी. परीक्षकाने कोंबडी दाबून पाहिली, मग माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही तरी खऱ्या ना?"
"चावून बघ," म्हटलं.

चषक मिळाला. रेन्झो रडला. बापाच्या मयताला नुसता शिंकला होता.
घरी आल्यावर म्हणतो, "आई, आता ही बक्षिसाची गाडी. खडीवर कशी घालू?"
मी फ्रॉक बदलायला उठले. सून डार्लीन म्हणाली, "सासूबाई समजूतदार आहेत हो."
इतकी वर्षं एका घरात राहून ही ओळख.

१४ ऑगस्ट
अक्षर वेगळं दिसतंय ना? असुंताची सून लिहितेय. रेन्झो कामावर गेला आणि मी किल्ली उचलली. लायसनची परीक्षा वाचता येईना म्हणून कधी दिली नाही. गाडीला तरी कुठे वाचता येतं? वाटेत धो धो पाऊस.

असुंता उठली. पुढच्या सीटवर बसलीय, उतरायला तयार नाही. भूक लागली म्हणते.

सूनबाई, हे पुरे. आता रेन्झोला फोन लाव. म्हणावं, ओरडायचं ते इथे येऊन ओरड, पण येताना लसणाची सॉसेजं आण. कसायाकडची. डार्लीनच्या हातची नकोत.