त्यांच्या रकान्यातली बरोबरची खूण

सोमवार, ४ मार्च

नऊ फुल्या! विक्रीवाल्याने आज तक्ता करून आणला. डावीकडे आमचं सॉफ्टवेअर, उजवीकडे मांजरवाल्यांचं. आमच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या हिरव्या खुणा, त्यांच्या रकान्यात नुसत्या लाल फुल्या. मालक खूश. "उद्याच नेटवर लावा," म्हणाले.

जनावरांच्या दवाखान्यांना नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या आम्ही दोनच कंपन्या. आमच्या चिन्हात कुत्रा, त्यांच्या चिन्हात मांजर. वैर ठरलेलंच.

मी एवढंच विचारलं, "त्यांचं कुणी वापरून पाहिलंय का?"

मग विक्रीवाला म्हणाला, "वापरायचं कशाला? जाहिरात आहे ती, शपथपत्र नाही."

मालकांचा राग मला कळतो. कुणी नेटवर आमचं नाव शोधलं की सगळ्यात वर मांजरवाल्यांची जाहिरात येते — 'देशात पहिल्या क्रमांकाचं!' कोण मोजायला गेलं होतं कुणास ठाऊक. पण त्यांनी शेण खाल्लं म्हणून आपणही पान वाढून घ्यायचं? हे मनात. तोंडाने मी म्हणाले, "जाहिराती मी लिहिते. स्वतः पाहिल्याशिवाय मी फुली मारणार नाही."

म्हणाले खरी! घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

बुधवार, ६ मार्च

ताईच्या दवाखान्यात गेले होते. टेबलावर एक बोका, बोक्याच्या मालकिणीच्या हातावर ओरखडे, ताई आपली शांत. तो गेल्यावर तिने कार्डांनी भरलेलं खोकं माझ्यापुढे ढकललं.

"आता यात मुंगीलाही जागा नाही. सॉफ्टवेअर घ्यावंच लागणार. पण इथलं नेट ऊठसूट जातं. ते गेलं तरी चालणारं हवंय मला. कुणाचं घेऊ?"

"आमचं घे की."

"तू तेच म्हणणार, थापाडे."

दुसरीत असताना मी वर्गात सांगितलं होतं की आमच्या गच्चीवर रोज मोर येतो. अर्धा वर्ग मोर बघायला घरी आला. दार ताईने उघडलं. तेव्हापासून मी थापाडी. केस पिकले, चष्मा लागला, नाव काही सुटलं नाही. मी हसण्यावारी नेते. पण लागतं.

शुक्रवार, ८ मार्च

मांजरवाल्यांचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायला देतात. माझ्या खऱ्या नावाने मागितलं, कंपनीचं नावही लिहिलं. चोरून बघायचं नाही.

दिलं त्यांनी!

रविवार, १० मार्च

सुट्टी असून ऑफिसात. ऐंशी किलोचा ससा भरला. त्यांच्या सॉफ्टवेअरने विचारलं, 'नक्की?' आमचं मुकाट्याने घेतं.

मंगळवार, १२ मार्च

झालं तपासून. नऊपैकी सहा फुल्या धादांत खोट्या. लसीची आठवण पाठवतं — आणि वेळेवर पाठवतं. क्ष-किरणांची चित्रं ठेवतं. वजनाचा आलेख तर इतका देखणा आहे की माझ्या पोटात दुखलं. एकेक फुली खोडून त्यांच्या रकान्यात बरोबरची खूण केली. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

तीन फुल्या मात्र टिकल्या. त्यातली एक मोठी. नेटची वायर काढली आणि त्यांचा पडदा पांढराफटक! एक अक्षर लिहू देईना. ही फुली मी कष्टाने कमावलेली आहे. त्याच ओळीत आमची हिरवी खूण — 'नेट नसतानाही नोंद जतन होते.' हे तर आमच्या पहिल्या माहितीपत्रकापासून आहे. ताईला हेच तर हवंय!

गुरुवार, १४ मार्च

आज मीटिंगमध्ये रण पेटलं.

मालक तक्ता बघून म्हणाले, "पगार आपण देतो आणि जाहिरात त्यांची?"

विक्रीवाल्याने री ओढली. मग मीही पदर खोचला. म्हणाले, "जो डॉक्टर दोन्ही वापरून बघेल, त्याला आपली एक फुली खोटी दिसली की आपल्या सगळ्या खुणा खोट्या वाटतील. त्यांचं चांगलं ते चांगलं म्हणा, मग आपलं खरं वाटेल." काय बोलले मी! आवाजही कापला नाही.

मध्येच आमचा प्रोग्रामर — ज्याला आम्ही मौनी म्हणतो, कारण वर्षभरात त्याची दहा वाक्यं होत नाहीत — चक्क बोलला. "आपला रकाना पण एकदा…"

मी म्हटलं, "आपला रकाना मला झोपेतून उठवून विचार, घडाघडा म्हणून दाखवते." सगळे हसले. तोही हसला थोडा, आणि परत गप्प.

मालकांनी शेवटी दोन आठवडे दिले. तेवढ्यात चौकशा वाढल्या नाहीत तर विक्रीवाल्याचा तक्ता लागणार. "आणि तो लागला तर मी राजीनामा देणार," असं मी म्हणून बसले. जीभ कुठे आवरते माझी.

तक्त्याच्या वर वाक्य घातलं — 'यातली प्रत्येक खूण आम्ही स्वतः वापरून तपासली आहे.' खाली माझं पूर्ण नाव. जाहिरातीखाली लिहिणारीचं नाव! असं कुणी केलेलं मला तरी माहीत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

जाहिरात लागली. किती वेळा उघडून पाहिली ते इथेही लिहिणार नाही.

बुधवार, २० मार्च

फोन सुरू झाले! एक म्हातारे डॉक्टर खास माझ्याशी बोलायचं म्हणून थांबून राहिले. "बाई, समोरच्याचं चांगलं सांगणारी जाहिरात या वयात पहिल्यांदा वाचली. तुमचंच घेतो."

मालक कुणाला तरी फोनवर सांगत होते, "आमच्याकडे पहिल्यापासून हीच पद्धत." ऐकून हसू आलं. घ्या श्रेय, जाहिरात तर माझ्याच नावाने लागलीय. विक्रीवाला दोन दिवस मला चहा विचारत नाही.

शनिवार, २३ मार्च

मांजरवाल्यांकडे जाहिराती लिहिणाऱ्या बाईंचा फोन! मी खुर्चीतच ताठ झाले. वाटलं, भांडायला आल्या.

म्हणाल्या, "सहा खुणा दिल्यात तुम्ही आम्हाला. आमच्या साहेबांना आधी त्यात काही डाव आहे असंच वाटलं." मग, "आम्ही ते 'पहिल्या क्रमांकाचं' काढतोय. तुमचं नाव शोधलं की आमची जाहिरात यायची, तीही बंद. आणि आम्हीही तुमच्यासारखाच तक्ता करतोय. वापरून, तपासून."

"अवश्य करा," मी म्हटलं. अगदी महाराणीच्या थाटात!

एका बाईने एका ऑफिसात बसून दोन कंपन्या सरळ केल्या. हे मी उद्या कुणापुढे बोलणार नाही, म्हणून आज इथे लिहून ठेवते. मला माझा अभिमान वाटतो. वाटतो, वाटतो.

मंगळवार, २६ मार्च

ताईने घेतलं! मला न सांगता, परस्पर. संध्याकाळी फोन करून म्हणाली, "दोन्हींचं वाचलं. नेट नसताना चालतं ही ओळ बघितली आणि खाली तुझं नाव बघितलं. म्हटलं, आता कुणाला विचारायची गरज नाही." जुनी कार्डं बांधून माळ्यावर टाकलीसुद्धा.

मग म्हणाली, "त्यांच्या मांजराला सहा खुणा दिल्यास तू. थापाडीने दिल्या नसत्या. आजपासून ते नाव बंद हं."

भांड्यांचा आवाज करत राहिले, म्हणजे रडू ऐकू जाणार नाही. मोर गेला एकदाचा गच्चीवरून.

गुरुवार, २८ मार्च

खोटारडे! मांजरवाल्यांचा तक्ता आज लागला. आमच्या रकान्यात सगळ्या हिरव्या खुणा आणि एकच फुली. कुठे? 'नेट नसतानाही नोंद जतन होते' — तिथे! नेमकी आमची सगळ्यात भक्कम ओळ. मी त्यांच्याशी इतकं सरळ वागले, आणि गोड बोलून त्यांनी हे केलं.

मालक म्हणाले, "मी सांगत होतो." विक्रीवाल्याने आज चहा विचारला.

मी त्या बाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही तपासलंय हो. तुम्हीही एकदा बघा."

बघतेच! उद्या सगळ्यांसमोर नेटची वायर काढून व्हिडिओ करते. नाव घालूनच लावते नेटवर. मौनीला म्हटलं, तू कॅमेरा धर. त्याने नुसती मान हलवली.

शुक्रवार, २९ मार्च

वायर काढली. एक कुत्रा भरला — नाव, वजन, औषध. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'जतन झालं.' वायर परत लावली. कुत्रा नाही. गाय भरली, गाय नाही. ससा नाही.

मौनीने कॅमेरा खाली ठेवला. "मागच्या वर्षी सगळ्या नोंदी नेटवर नेल्या ना, तेव्हापासून. मी त्या दिवशी तेच सांगत होतो."

मालक आत यायच्या आधी आमच्या रकान्यात मी फुली मारली. वरचं वाक्य काढलं. नाव ठेवलं.

मग ताईला फोन. तिच्याकडे सकाळपासून नेट नव्हतं, मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. "आज जनावरांची रीघ लागलीय गं, पण बिनघोर आहे," म्हणाली. "बोला, सत्यवचनी बाई."