ज्याची वस्तू त्याला

मी, बाजारामागच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करणारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा कागद मागे टाचला आहे. टाचणी गंजकी आहे, सांभाळून. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. छातीवर असतो, पण तो यात मोडत नाही, असे वकील म्हणाले. याआधीचे मृत्युपत्र मी फाडले आहे, कारण त्यात शिलाई मशीन विसरलो होतो.

१. राहते घर मुलीला. गॅस झोपताना दोनदा तपासावा. जावयाने तपासला असेल तर तीनदा.

२. शिलाई मशीन, पकडी आणि काड्यांचा डबा नातीला. जावयाने त्या पकडीने नळ खोलू नये. मागे खोलला होता.

३. दुकान अर्धे माझे, अर्धे दाजींचे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचे. माझे अर्धे मुलीला. दाजींना मी काही देत नाही, कारण ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला त्यांची सही हवी आहे.

४. लढाईत बाजारावर बॉम्ब पडले तेव्हा बहीण दुधाच्या रांगेत होती. तिथेच गेली. दाजी तेव्हा विमानांत बॉम्ब चढवायच्या कामावर होते. पुढच्या आठवड्यात आपली विमाने शत्रूच्या शहरावर गेली, तेव्हा दाजींनी एका बॉम्बवर खडूने बहिणीचे नाव लिहिले. आमच्या धंद्यात छत्रीवर खडूने नाव घालतात ते ज्याची वस्तू त्याला परत जावी म्हणून. तो बॉम्ब तिचा नव्हता. तो पडला तिथेही बाजारच होता, आणि दूध तिकडेही रांगेतच मिळत असणार.

दाजी म्हणाले, "तिच्यासाठी केलं."

मी म्हटले, "तिने सांगितलं होतं?"

तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसून फक्त छत्र्यांविषयी बोलतो.

पुढे नगरपालिकेने बाजारात खांब उभारला. एका अंगाला मेलेल्यांची नावे, दुसऱ्या अंगाला आपण शत्रूचे शहर कसे जाळले त्याचे कौतुक. माझ्या बहिणीचे नाव त्या खांबावरून काढावे. कचेरीतली बाई म्हणते, "आजोबा, नवऱ्याची संमती लागेल." ते नाव मी इथे लिहीत नाही. नको तिथे दोनदा लिहून झाले आहे.

५. दुकानात खुंटीवर काळी छत्री आहे, ती बहिणीची. दुरुस्त करून ठेवली होती, न्यायची राहिली. घरची म्हणून तिच्यावर नाव घातले नव्हते. ती दाजींना परत करावी. हे देणे नव्हे, परत करणे आहे. वकिलांना दोनदा विचारले.

ठिकाण: दुकान. वार सोमवार. तारीख वकील घालतील, माझी चुकते.

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरची नर्स. सही.

साक्षीदार दुसरे: दाजी. त्यांनी सहीआधी सगळे वाचले. मग उठून खुंटीवरची छत्री काढली, उघडली, एकेक काडी दाबून पाहिली.

"मजुरी?"

"घरचं काम आहे, दाजी."

त्यांनी छत्री मिटून मांडीवर घेतली.

"लिहा," म्हणाले, "नवऱ्याची संमती आहे."

लिहिले आहे. खाली त्यांची सही.