सराईबाहेरचा ओटा

टाकळी, शिरड शहापूरजवळ
४ जानेवारी २०२५

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

फोनवर तू ओरडतेस, मला ऐकू येत नाही आणि मी नुसतंच बरं बरं म्हणतो. म्हणून हे पत्र.

आपल्या गावाबाहेरची ती जुनी पडकी सराई गाव मिळून नीट करतंय. शाळेतले विश्वंभर गुरुजी घरोघर फिरले. दर रविवारी घरटी एक माणूस. आपली वस्तीही सगळी जाते. बाभळी तोडल्या, कमानीखालचा उकिरडा उपसला. तुझी आई म्हणते, जन्मभर एसटीचं स्टिअरिंग धरलं, टोपलं आत्ताच काहून आठवलं?

खरं सांगू? माझा जीव दाराबाहेरच्या ओट्यात आहे. माझे वडील मुसाफिरांची ओझी वाहून दारापर्यंत आणायचे आणि रात्री लिंबाखालच्या त्या दगडी ओट्यावर निजायचे. आपल्या लोकांना आत मज्जाव होता. ओटा आहे तसाच ठेवा आणि तिथं कोण निजायचं ते पाटीवर लिहा, एवढंच मी गुरुजींना सांगितलंय. ते म्हणाले, बराबर आहे, बघू.

तब्येतीला जप. आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.
आबा

नांदेड
१९ जानेवारी

ती. आबांना सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वॉर्डात ड्युटी संपल्यावर वाचलं आणि डोकं तापलं. आजोबांचं हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी असते तर तो ओटा पहारीने फोडून टाकला असता! तुम्ही तो जपायला का निघालात? आणि 'बघू' म्हणणाऱ्यावर किती विसंबायचं? सगळ्यांसमोर बोला.

मेमध्ये रजा घेऊन येते. मला ती जागा दाखवा. आईला सांगा, तुम्हाला टोपलं उचलू दे, पोट कमी होईल.

रागावले असले तरी तुमचीच,
पल्लवी

टाकळी
९ फेब्रुवारी

चि. पल्लवीस आशीर्वाद व जयभीम.

फोडून टाकला असतास, मग मागे काय राहिलं असतं? माझ्या वडिलांचा फोटो नाही. शेत नाही, घर पुरात गेलं. ते या गावात जगले याची तेवढीच खूण आहे. आपल्याला बाहेर निजवलं हे लपवायचं कशाला? लाज आपली नाही.

तू म्हणालीस तसं बैठकीत उभा राहून बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी विरोध केला नाही. उद्या तुझ्या आत्याकडे कळमनुरीला लग्नाला निघतोय. मन हलकं आहे.

तुझे
आबा

टाकळी
६ एप्रिल

चि. पल्लवीस आशीर्वाद व जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, हात चालत नव्हता.

कळमनुरीहून परतलो तर सराईपुढे मांडव होता आणि ओटा नव्हता. मला पुढच्या खुर्चीवर बसवून शाल-नारळ दिला. माइक होता म्हणून गुरुजींचं ऐकू आलं. म्हणाले, गावावरचा तो डाग आमी पुसून टाकला, भीमराजभाऊंना आता ती तकलीफ न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलताना गुरुजींचे डोळे भरले होते, पल्लवी. मनापासून केलं होतं त्यांनी. बैठकीतलं माझं बोलणं सगळ्यांना ओटा नको अशी तक्रारच वाटलं होतं. तेव्हा भांडावं तरी कुणाशी?

दगड कुठे गेले विचारलं, तर दाराच्या पायऱ्यांना लावलेत. आता त्यावरून तुमी मानानं आत चला, असं म्हणून गुरुजींनी माझा हात धरला. माझा पाय उचलेना. शाल खुर्चीवर ठेवून घरी आलो.

पुढच्या रविवारी वस्तीतलं कुणी गेलं नाही. मग गावातल्यांनीही जाणं सोडलं. म्हणतात, यांच्यासाठी एवढं केलं तरी हे रुसलेच. अर्धं छप्पर उतरवून ठेवलेलं, ते तसंच आहे. गुरुजी समोर आले की खाली बघतात, मीही खालीच बघतो. सराई आता उभी राहील असं मला वाटत नाही.

मेमध्ये ये. येऊ नकोस असं कसं म्हणेन? पण काल तुझ्यासाठी म्हणून मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. जमीन सपाट केली आहे. वडील नेमके कुठे निजायचे, ते मलाच सांगता येईना.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
आबा