धोतराखालची जखम

प्रताप नगर, नागपूर

सौ. पार्वतीस अखंड सौभाग्याचा आशीर्वाद.

गुंजनकडे सुखरूप आहे. जावई फार जपतात. फोनवर बोलताना लेक जवळच असते, म्हणून हे पत्र.

माझ्या रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे शरीरातील दाहाचे माप, बरेच वाढलेले निघाले. रक्तवाहिन्यांत असा दाह टिकला तर हृदयाचे बळ वर्षानुवर्षे क्षीण होते, असे डॉक्टर म्हणाले. "कुठे जखम वगैरे?" त्यांनी विचारले. मी "नाही" म्हणालो.

ते असत्य होते. चातुर्मासात रोज पहाटे मंदिराला दंडवती, म्हणजे लोटांगणे घालत, प्रदक्षिणेचे व्रत मी तुझ्याही नकळत धरले होते. त्यात फरशीवर घासून उजवा गुडघा चिघळला आहे. "बाबा, लंगडून काहून राहिले तुम्ही?" गुंजनने आज विचारलेच. व्रत सांगितल्यास फळ जाते, असे मी मनाशी म्हणत राहिलो.

परंतु खरे कारण भय आहे. जखम लपलेली आहे तोवर सारा दोष तिचाच, असे मानता येते. जखम भरूनही ते माप उतरले नाही, तर दोष हृदयाचाच ठरेल. चाळीस वर्षे प्रवचनांतून अभय सांगितले. आणि मीच भिऊन खोटे बोललो.

तुझा रक्तदाब कसा आहे? तुळशीपाशी शेवाळ आहे, जपून चाल.

तुला सांगितले, आता लपवण्यास निमित्त उरले नाही. गुरुवारी दहाला डॉक्टरांना गुडघा दाखवीन. त्या घटकेला देवापुढे बसून राहा.

तुझ्या प्रार्थनेवर विसंबलेला,
गणपतराव